तुमची मुलगी कधी चालायला लागली?

हा प्रश्न मला विचारणारे बहुतेक जण वर्षा-सव्वा वर्षाच्या मुलांचे आईवडील असतात, आणि माझ्या मुलीच्या वयापेक्षा त्यांना स्वतःच्या मुलाचीच चिंता असते, हे मला आवाजावरूनच कळते. आमचे अजून चालत नाही, मग तुमचे कधी चालले होते, असा तो प्रश्न असतो. तुमचे बाळ चौदा महिन्यांचे आहे, पलंगाच्या कडेला धरून बाजूबाजूने सरकते, पण हात सोडत नाही, असे सांगून तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. माझी मुलगी सोळाव्या महिन्यात चालली. मात्र एवढ्या उत्तराने तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ साली काही मर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान जमते आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे दोन अगदी सुदृढ मुलांच्या पहिल्या पावलांमध्ये नऊ महिन्यांचे अंतर असू शकते. त्याच पाहणीतील सुमारे ४ टक्के मुले हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. ही गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली असती, तर माझी कितीतरी रात्रींची झोप वाचली असती.

कारण माझी मुलगी रांगली नाही. ती फतकल मारून बसायची, एक पाय आत दुमडून घ्यायची आणि एका हाताने जमीन मागे रेटत खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला सरकायची, तेही इतक्या वेगाने, की दार लोटायला मला धावावे लागे. दुसरा हात मोकळा असल्यामुळे वाटेत दिसेल ती वस्तू ती उचलून बरोबर नेत असे. अशी सरकणारी मुले पुष्कळदा उशिरा चालतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही: बसल्या बसल्या सगळे दिसते आहे, हात रिकामा आहे आणि हवे तिथे पोहोचता येते आहे, तर मग उभे राहण्याची घाई मुलाने का करावी? पण त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. जावेचा मुलगा अकराव्या महिन्यात चालला होता आणि मी कॅलेंडरवर आठवडे मोजत होते. मी तिला काखेत धरून उभी करू पाहिली, की ती पाय खाली टेकवायचीच नाही. दोन्ही पाय समोर उचलून हवेतच बसल्यासारखी राहायची. तो हट्ट आहे असे मी समजले आणि दिवसातून दहा-दहा वेळा तिला उभी करत राहिले. सरकणाऱ्या मुलांची ही ठरलेली ढब असते, हे नंतर कळले. तिच्यावर मी रागावले होते, याचे आजही वाईट वाटते.

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिचे स्नायू, कंबरेचे सांधे, पायांची ताकद हे सगळे नीट तपासले आणि मग, माझी अपेक्षा नसताना विचारले, "ती तुम्हाला बोट करून काही दाखवते का?" मी म्हटले, हो, हवे असेल तिकडे हात करते. त्या म्हणाल्या, "तसे नव्हे. नको असलेली, नुसती बघण्यासारखी गोष्ट दाखवते का?"

आणि मला दोनच दिवसांपूर्वीची दुपार आठवली. खिडकीशी पाण्याने भरलेली बादली होती आणि त्या पाण्यावर पडलेल्या उन्हाचा कवडसा छतावर थरथरत होता. ती माझ्या मांडीवर होती. तिने वर पाहिले, तर्जनी ताठ करून छताकडे केली, "अ!" म्हणाली, मान वळवून माझ्या डोळ्यांत पाहिले, मी वर बघते आहे याची खात्री करून घेतली आणि मगच पुन्हा कवडशाकडे वळली. तिला तो कवडसा नको होता. मी तो पाहावा, एवढेच तिला हवे होते.

मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत याहून मोठी घटना मला माहीत नाही. "दे" म्हणणारे बोट वेगळे आणि "बघ" म्हणणारे बोट वेगळे. "बघ" म्हणणाऱ्या बोटामागे ही जाणीव असते, की समोरच्या माणसाला स्वतःचे मन आहे, ते दुसरीकडे असू शकते आणि त्याला आपल्या आनंदाकडे वळवून आणता येते. साधारण वर्षाच्या आगेमागे हे बोट दिसू लागते आणि शब्द बहुधा त्याच्या पाठोपाठ येतात. दीड वर्षापर्यंत ते दिसले नाही, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. पण "तुमची मुलगी बोट कधी दाखवू लागली?" असे मला आजवर एकानेही विचारलेले नाही.

आता चालण्याविषयी. एका दुपारी ती डब्याच्या झाकणाशी खेळत स्टुलाला टेकून उभी होती. झाकण एका हातात मावेना, म्हणून तिने दुसरा हातही स्टुलावरून काढला आणि आपण आधाराविना उभ्या आहोत, हे तिच्या ध्यानातही आले नाही. मी श्वास रोखून पाहत होते. चार दिवसांनी तिने तीन पावले टाकली. पण त्यानंतरचे दोन आठवडे घाई असली, की ती खाली बसून सरकतच यायची. यांतली कोणती तारीख मी तुम्हाला सांगावी? मोकळेपणी खेळणारी बारा ते एकोणीस महिन्यांची मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. ते वाचल्यापासून ती पडली, की धावत जाऊन उचलण्याची माझी सवय बरीच कमी झाली.

मात्र यावरून "होईल आपोआप" असा अर्थ कृपा करून घेऊ नका. "आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात" या दिलाशाने मुलांचे मोलाचे महिने वाया जातात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ साली आपली टप्प्यांची यादी बदलली आणि निदान ७५ टक्के मुलांना ज्या वयात जी गोष्ट जमते, तीच त्या वयापुढे ठेवली, म्हणजे एखादी गोष्ट राहिली तर नुसती वाट पाहिली जाऊ नये. रांगणे त्या यादीतून वगळले गेले. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही ते दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, आणि बोलण्याची शंका असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरून दुसरा सतत मुठीत ठेवत असेल, तर ते डावरे निघणार म्हणून कौतुक करू नये, दाखवून घ्यावे. आणि आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत असलेले शब्द बंद झाले किंवा डोळ्याला डोळा देणे थांबले, तर एक दिवसही थांबू नये. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचे वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजतात, हे मात्र हिशेबात धरावे.

तुमचे बाळ आधार धरून बाजूबाजूने चालते आहे, दोन्ही पायांवर भार घेते आहे आणि तुम्ही म्हणता तसे गेल्या महिन्यापेक्षा अधिक धीट झाले आहे. चौदाव्या महिन्याला हे मला चांगले वाटते, तरी मी डॉक्टर नाही. ते खेळत असताना, त्याला कळू न देता, फोनवर दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा. दवाखान्यातल्या टेबलावर मुले बावरतात आणि घरी करतात त्यातले काहीच करून दाखवत नाहीत. चित्रीकरणात पाय दिसतीलच. चेहरा आणि हातही दिसतील, एवढे पाहा.