उतरण करते तरी काय

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली, आणि मला हौस लेकीला साधी यंत्रं शिकवायची. हौस माझीच, तिची नाही. पुस्तकात आपलं तेच, सीसॉ आणि पहार. म्हटलं घरात एवढं सामान पडलंय, आणि किचनचा ड्रॉवर उपसला. चिमटा, कात्री, सांडशी, लिंबू पिळायचं, आणि पार तळाशी आज्जीचा अडकित्ता.

पितळी आहे, दोन्ही दांड्यांच्या टोकाला पोपट, त्यातल्या एकाची चोच गेलेली. नाशिकच्या तांबट लेनमधून आणलाय म्हणायची आज्जी (तिच्या मते जगातलं सगळं पितळ तांबट लेनमधूनच यायचं). सुपारी ती आत सारायची ती अगदी बिजागरीपर्यंत, पात्याच्या टोकाला कधीच नाही, आणि दांड्या धरायच्या पार शेवटी, पोपटांपाशी. कट्ट. बोलण्यात खंड नाही, सुपारीकडे बघणं तर नाहीच. भार टेकूजवळ आणि जोर लांबून, हे आर्किमिडीजने सिराक्यूजला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात रीतसर सिद्ध करून ठेवलं, आणि आमची आज्जी शिकलेली चौथी.

लेकीने खारीक घालून बघितली, आधी टोकाला मग आत, आणि तरफ पटली. कप्पी पटली, पाचर पटली. अडली ती उतरणीवर, म्हणजे नुसत्या तिरक्या फळीवर.

"पण उतरण करते काय? पडूनच असते ना?"

आता काय सांगणार. मी कसारा घाट काढला. लहानपणी मुंबईहून परत येताना पंचवटी एक्स्प्रेस कसाऱ्याला थांबायची, मागून एक धक्का बसायचा की बाबा म्हणायचे, लागलं इंजिन, आणि मग सगळ्या डब्याला उगाच हुरूप यायचा, जसं काही आपणच ढकलणार आहोत. ३७ फूट पुढे जावं तेव्हा १ फूट वर, एवढाच तो चढ, खिडकीतून बघून वाटणार पण नाही, तरी इगतपुरीपर्यंत मागून जोर लावावा लागतो. हे सगळं मी रंगवून सांगितलं.

"म्हणजे काम इंजिननेच केलं," लेक म्हणाली.

तसं बघितलं तर बरोबरच आहे. उतरण काम वाचवत नाही, जोर कमी लागतो, अंतर वाढतं, बस. आणि गंमत म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा हेरॉन तिच्याच पार्टीचा निघाला. त्याच्या यादीत यंत्रं पाचच: आस आणि चाक, तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू. उतरण नाहीच. सहावी म्हणून ती आपल्या पुस्तकात आली ती पुष्कळ नंतर.

हा हेरॉन भारी माणूस. देवळात ठेवायचं तीर्थाचं मशीन लिहून ठेवलंय त्याने. वरच्या फटीतून पाच द्राख्माचं नाणं टाकायचं, ते आत एका दांडीच्या टोकावरच्या ताटलीत पडतं, ताटली खाली, दांडीचं दुसरं टोक वर, तिकडचं झाकण उघडतं आणि पाणी येतं. तेवढ्यात कललेल्या ताटलीवरून नाणं घसरतं आणि झाकण बंद. रामकुंडावर आपण एवढी नाणी टाकतो, पाणी काही मोजून येत नाही, उलट पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढून नेतात. लेकीला आता ते मशीन करायचंय, खोक्याचं. माझा मसाल्याचा डबा लपवून ठेवलाय.

हो, पण बघा, नाणं घसरतं ते कशावरून? कललेल्या ताटलीवरून! म्हणजे उतरण मशीनमध्ये घेतली आणि यादीत नाही घेतली, हे काय शहाणपण. मग मी कागदाचा काटकोनी त्रिकोण कापून पेन्सिलीला गुंडाळून दाखवला, तिरकी कड गोल गोल वर चढते, झाला स्क्रू, म्हणजे गुंडाळलेली उतरण चालते आणि सरळ उतरण चालत नाही? लेक म्हणे स्क्रू फिरतो तरी.

पेपरात सहाच लिही म्हटलंय. पटो न पटो, दोन मार्कांसाठी कोण हेरॉनची बाजू लढवत बसणार. बाकी आमच्या पार्किंगची उतरण इतकी खडी घातलीय की गॅसचा सिलेंडर वर आणताना मला पण पाचच यंत्रं आठवतात.