वेल्हे-केळद पट्ट्यातली जुलैची राइड आणि चिखलात गेलेले साडेतीन तास

गेल्या जुलैमध्ये आम्ही चौघं मोटरसायकलवर वेल्ह्याकडे गेलो होतो. दोन एक्सपल्स (त्यातली एक माझी), मावसभावाची जुनी इम्पल्स आणि एका मित्राची हिमालयन ४११. सकाळी सहाला पुणं सोडलं, चेलाडी फाट्याला सातारा रोडवरून आत वळलो आणि नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्यात चहा-वडापाव. तोरणा पूर्ण ढगात होता, पाऊस बारीक. तिथपर्यंत सगळी डांबरी, कुठलीही गाडी आरामात जाते.

खरी राइड केळदच्या बाजूला पुढे गेल्यावर, भातखाचरांच्या कडेने डोंगराच्या पायथ्याला जाणाऱ्या एका कच्च्या वाटेवर होती. वाट कुठली आणि गाव कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण ती वाट गावकऱ्यांची शेतात जायची आहे, जुलैत तिथे लावणी चालू असते, आणि एका रविवारी वीस गाड्या तिथून गेल्या तर बांधाची काय अवस्था होईल हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलोय.

वाट साधारण साडेतीन किलोमीटरची. पहिले दोन किलोमीटर मुरूम आणि दगड, एकदम भारी, मधे एक ओढा गुडघ्याच्या खाली पाणी. त्यानंतर ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या सुरू झाल्या, मधे गवताचा उंचवटा. इम्पल्स पुढे होती, ती डावीकडच्या गवतावरून डुलत डुलत निघून गेली. ती गेली म्हणून मी चाकोरीत घातली, वीसेक फूट गेलो असेन, पुढचं चाक मऊ पडलं, वेग मेला, आणि त्या क्षणी मी जे करायला नको होतं तेच केलं, क्लच धरायच्या ऐवजी रेस वाढवली. मागचं चाक जागेवर फिरलं आणि पाच-सहा सेकंदात स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) चिखलाला टेकला. हिमालयनवाला माझ्या मागे दहा फुटांवर होता, त्याला थांबायला जागाच उरली नाही, तोही रुतला. चौथा मागे होता म्हणून वाचला.

चिखलाच्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी. पहिली पलीकडे पोचून माणूस हात दाखवत नाही तोपर्यंत दुसरीने हलायचं नाही. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं, पण पाऊस वाढत होता आणि घाई झाली.

पुढची चाळीस मिनिटं नुसती वाया गेली. दोघं हँडल ओढतायत, एक मागून ढकलतोय, मी रेस देतोय, दर वेळी गाडी एक बोट अजून खाली. क्लच प्लेट जळल्याचा वास यायला लागला तेव्हा मी किल्ली बंद केली. तो वास आला की गाडी किमान पंधरा मिनिटं तशीच सोडा. आमच्या एक्सपल्स आणि हिमालयन ४११ ला पाण्याचा रेडिएटर नाही, वारा लागला तरच इंजिन थंड होतं, आणि जागेवर उभ्या गाडीला वारा कुठून लागणार.

तेवढ्यात वरच्या खाचरातून एक मामा आले, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात फावडं. दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आरं रेस नगा देऊ पोरांनो, ती आजून खाली जाती. बैलगाडी रुतली तर आमी आधी बैलं सोडतो, मंग माल उतरवतो, मंग चाकाखाली बघतो." मी आजवर ऑफरोडिंगवर जे काही वाचलंय, बघितलंय त्यात इतकं सरळ कुणी सांगितलेलं आठवत नाही.

आम्ही त्याच क्रमाने केलं. सॅडलबॅग, टँकबॅग, दोन लिटरची पाण्याची बाटली, सगळं काढून बांधाच्या बाहेर ठेवलं. मग माझी गाडी डाव्या अंगाला आडवी पाडली. डाव्याच, कारण आमच्या गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे आहे आणि तापलेला सायलेन्सर पायावर आला तर पोटरी भाजते. आपल्या गाडीला पाडायचं नवख्यांच्या जिवावर येतं, पण चिखलात गादीवर पडल्यासारखी पडते, फार तर आरसा जातो, तो आधीच काढून ठेवा. गाडी आडवी झाली की मागचं चाक खड्ड्यातून आपोआप वर येतं आणि खड्डा मोकळा दिसतो. त्यात मामांनी दाखवलेले चपटे दगड आणि ऐनाच्या वाळक्या फांद्या भरल्या. (ओली हिरवी पानं टाकू नका, चाक त्याच्यावर घसरतं.) मग काठीने स्विंगआर्म आणि टायरच्या मधला, स्प्रॉकेटवरचा चिखल खरवडून काढला, इंजिन बंद असताना. इंजिन चालू असेल तर हात चेनच्या आसपासही नेऊ नका, बोट जायला अर्धा सेकंद लागतो.

गाडी उभी करताना ती चाकोरीत परत न सोडता एक फूट बाजूला सरकवून उंचवट्यावर घेतली. पेट्रोल कॉकवाली कार्ब्युरेटर गाडी असेल तर पाडायच्या आधी कॉक बंद करा. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीला आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, उभी केल्यावर किल्ली बंद करून परत चालू केल्याशिवाय ती स्टार्ट होत नाही, आणि माणसं तिथे उगाच बॅटरी गेली म्हणून घाबरतात. उभी केल्यावर ऑइल खाली यायला मिनिटभर द्या, मगच बटण दाबा.

बाहेर काढताना मी गाडीवर बसलोच नाही. डाव्या बाजूने चालत, दुसरा गियर, क्लच अर्धा, रेस जेमतेम. पहिल्या गियरला चाकाला इतका जोर मिळतो की ते लगेच जागेवर फिरतं, दुसऱ्याला ते शांत राहतं. पुढून दोघांनी दोराने ओढलं. दोर हँडलला बांधायचा नाही, हँडल वळतं आणि गाडी अंगावर येते, फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) जिथे धरलेला असतो त्या खालच्या क्लॅम्पला बांधायचा, ब्रेकची होज मधे अडकत नाही ना ते बघून. दोर ताणलेला असताना ओढणाऱ्यांखेरीज त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. माझी गाडी अशी दहा मिनिटांत बाहेर आली. हिमालयनला मात्र पाऊण तास लागला, कारण ती दोनशे किलोच्या आसपास आहे आणि एक्सपल्सपेक्षा चाळीसेक किलो जास्त, हा फरक डांबरीवर कळत नाही, चिखलात मात्र खांद्याला कळतो. शेवटी मामांनी घरून पहार आणि एक फळी आणली. दगडाचा टेकू देऊन पहारीने मागचं चाक उचललं, खाली फळी सरकवली, तेव्हा ती हलली.

मामांना विचारलं की पुढची गाडी गेली आणि आमचीच का रुतली. ते म्हणाले त्या जागेला उपळ आहे, डोंगरातलं पाणी आतून झिरपतं, पाऊस चार दिवस नसला तरी तिथे राबडा असतोच. खाचरात चिखलणी केलेली असते तिथे फूटभर खोलीवर तरी नांगराने दाबलेला घट्ट थर लागतो, उपळीला तळ लवकर लागतच नाही. ओळखायचं कसं तर, गुरांचे खूर बघायचे. खुरांचे ठसे उथळ असतील तर गाडी जाईल, खूर खोल जाऊन त्यात पाणी भरलं असेल तर बाजूने वाट शोधायची. गुळगुळीत, चकाकणारा, गवताची एक काडी नसलेला चिखल सगळ्यात वाईट. आणि चाकोरीची खोली बुटाने मोजा. एक्सपल्स आणि हिमालयन ४११ चा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) २२० मिलिमीटर म्हणजे जेमतेम वीतभर, ट्रॅक्टरचं मागचं चाक त्याहूनही खोल जाऊ शकतं, मग मधला उंचवटा इंजिनाखालच्या बॅशप्लेटला लागून गाडी अधांतरी बसते.

टायरमध्ये हवा आम्ही २० पीएसआयवर आणली होती. ट्यूबवाल्या टायरला त्याच्या खूप खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व फाटतो. पंप सोबत हवाच, डांबरीवर परत आल्यावर हवा भरायला. माझ्या मते या पट्ट्यात जाताना १० मीटर लांबीचा जाड दोर, बागकामाचं छोटं खुरपं, पंप आणि पंक्चर किट एवढं सामान ठेवलं तरी खूप झालं, गाडी ओढायच्या महागड्या विंचबिंचची गरज नाही. माणसं मात्र तीनपेक्षा कमी नकोत, एकट्याने जाऊच नका, वेल्ह्याच्या पुढे बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. दुपारी दोनला परत फिरायचं असं आधीच ठरवा. आम्ही साडेअकराला अडकलो म्हणून तीनला सुटलो, हेच चारला झालं असतं तर अंधारात ओढा ओलांडावा लागला असता, आणि परतताना तो ओढा मांडीपर्यंत आला होता.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पायाला, हाताला जखम असेल तर खाचराच्या पाण्यात उघडी ठेवू नका. उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, भातलावणीच्या दिवसात तो दर वर्षी असतो. मावसभावाची नडगी फूटपेगने सोलली होती, आम्ही जागेवरच स्वच्छ पाण्याने धुऊन बांधली आणि संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून आलो. राइडनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर अंगदुखी समजून घरी बसू नका, डॉक्टरांना चिखलात होतो हे आवर्जून सांगा.

आमच्या ओढाओढीत बांधाचा हातभर तुकडा ढासळला होता आणि खाचरातलं पाणी वाटेवर यायला लागलं होतं. लावलेली रोपं त्या पाण्यावर उभी असतात. मामा काही बोलले नाहीत, पण आम्ही चौघांनी दगड आणि चिखलाची ढेकळं लावून तो परत बांधला, त्यांनी फावड्याने थापून नीट केला. पैसे घेतले नाहीत. चहाला घरी नेलं, आणि निघताना म्हणाले, "दिवाळीनंतर या, भात निघाल्याव. तवा वाट दगडावानी असती."

घरी आल्यावर गाडी त्याच रात्री धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा व्हील बेअरिंग आणि चेनवर थेट मारू नका, पाणी सीलच्या आत जातं. सुकलेला चिखल ब्रेक पॅड आणि डिस्कच्या मधे राहिला तर पॅड खूप लवकर संपतात, म्हणून कॅलिपर आतून साध्या पाइपने भरपूर धुवा. चेन सुकवून लुब करा, एअर फिल्टर उघडून बघा. माझा ओला निघाला. क्लच केबल दुसऱ्या दिवशी जड लागत होती, काढून बघितली तर आत बारीक लाल माती, ती मी बदलूनच टाकली.