कडबा कुट्टीचा गंज आणि गप्प बसलेला चार्जर

सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून घरच्या घरी गंज काढण्याची पद्धत सांगणारा जो तो "बॅटरीचा १२ व्होल्टचा चार्जर घ्या" एवढे सांगून पुढे जातो. परंतु आज दुकानात मिळणारे बरेच नवे चार्जर या कामी मुळीच चालत नाहीत, हे मला कोणीही सांगितले नाही आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तापीकाठच्या आमच्या मळ्यात हाताने फिरवायचे जुने कडबा कुट्टी यंत्र गोठ्यामागे कित्येक पावसाळे पडून होते. त्याची बिडाची दातेरी चक्रे इतकी गंजली होती की भंगारवाल्याने ती किलोच्या भावाने मागितली. ॲसिडमध्ये बुडवावे तर गंजाबरोबर चांगले लोखंडही खाल्ले जाते, म्हणून ही विजेची पद्धत निवडली. प्लॅस्टिकचा निळा ड्रम, दर चार लिटर पाण्यास एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि बांधकामातून उरलेल्या सळया, एवढ्यावर तयारी झाली. बोअरचे पाणी जड असल्याने सोडा पडताच ते दुधाळ झाले, पण त्याने काही अडले नाही. चार्जरचा काळा चिमटा गंजलेल्या चक्राला आणि लाल चिमटा सळयांना लावला. हे उलट झाले, तर सळईऐवजी चक्रच झिजू लागते.

बटण दाबले आणि काहीही झाले नाही. चार्जरवर हिरवा दिवा लागला होता, चिमटे घट्ट होते, पाण्यात सोडा होता, तरी चक्राभोवती एक बुडबुडा उठेना. मल्टीमीटर चिमट्यांना लावला, तर काटा शून्यावर. खोक्यावर ठळक अक्षरांत "१२ व्होल्ट, ६ अँपिअर" छापलेले असताना चिमट्यांत काहीच नाही, याचा अर्थ वस्तू बिघडलेली आहे, असेच कोणीही म्हणेल. दुकानदाराने मात्र तो ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावून दाखवला, आणि तेथे तो लगेच चालू झाला. "माल चांगला आहे, बदलून मिळणार नाही," एवढेच उत्तर मिळाले. मला कशासाठी हवा आहे, हे मी सविस्तर सांगत होतो. ते ऐकून घेण्याची तसदी त्याने घेतली नाही. घरी आणल्यावर पुन्हा तेच: बॅटरीला चालतो, ड्रमला चालत नाही. त्यात मळ्यावरची वीज पाळीपाळीने येणारी, त्यामुळे वीज असेल त्या वेळी चार्जर गप्प आणि मी ड्रमपाशी उभा, असे चालले होते.

उलगडा केला तो ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या एका कारागिराने. "भाऊ, याला आधी बॅटरी दाखवावी लागते," असे तो म्हणाला आणि सगळे स्वच्छ झाले. नव्या चार्जरमध्ये ठिणगी उडू नये आणि तारा उलट लागू नयेत यासाठी अशी व्यवस्था असते, की चिमट्यांवर बॅटरीचा विजेचा दाब (व्होल्टेज) जाणवल्याशिवाय तो वीज सोडतच नाही. सोड्याच्या पाण्याला स्वतःचा असा दाब नसतो. जुने, वजनदार, ट्रान्सफॉर्मरचे चार्जर असली चौकशी करीत नाहीत. तसा मिळाला तर तोच घ्यावा. मला मिळाला नाही, म्हणून मी एक जुनी बॅटरी मध्ये घेतली: तिचे धन टोक आणि लाल चिमटा दोन्ही सळयांकडे, ऋण टोक आणि काळा चिमटा दोन्ही चक्राकडे. या रचनेत सळई चक्राला टेकली तर बॅटरीतून प्रचंड प्रवाह वाहतो, म्हणून बॅटरीच्या तारेत १० अँपिअरचा फ्यूज घालणे अत्यावश्यक आहे. बॅटरी ड्रमपासून दूरही ठेवावी, कारण दोन्हींतून हायड्रोजन निघतो. काम उघड्यावर करावे, जवळ विडी-काडी नको आणि चिमटे काढण्यापूर्वी वीज बंद करावी.

या वेळी चक्राच्या दातांमधून बारीक बुडबुड्यांची दाट जाळी वर आली, आणि तो क्षण पाहून मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. रात्रभरात पाणी तांबूस-तपकिरी झाले आणि गंजाचे पापुद्रे तळाशी बसले. सळईसमोर आलेली बाजू आधी स्वच्छ होते, म्हणून सळया चहूबाजूंनी लावाव्यात आणि त्यांच्यावर चिखल चढला की खरवडून काढावा. सळईऐवजी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठही नको, त्यातून क्लोरिन वायू निघतो.

बाहेर काढलेल्या चक्रावरचा काळा थर तारेच्या ब्रशने सहज निघाला. ओले लोखंड पुन्हा लगेच तांबरते, पण आमच्याकडचे वैशाखातले ऊन अशा वेळी उपयोगी पडते. चक्र तापेपर्यंत उन्हात ठेवून गरम असतानाच त्याला तेल लावले. कुट्टीची पाती मात्र मी ड्रममध्ये घातली नाहीत. कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होते, आणि फिरत्या पात्याचा तुकडा उडणे परवडणारे नाही; ती घासूनच साफ केली.

उरलेले पाणी पुन्हा वापरता येते, तेव्हा ते फेकू नये. फेकायचेच झाले तर केळीच्या बागेत नको. सोड्यातल्या सोडियमने काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते.