चौदा नंबर

क्लायंटचा ब्रीफ एका ओळीचा : पुरुषांसाठी, मसालेदार, ‘माणूस खोलीत शिरला की कळलं पाहिजे’. चार महिने मी त्याच्या मागे होते. परफ्युमर म्हणजे दिवसभर बाटल्या हुंगत बसणारी बाई, असं लोकांना वाटतं. मी दिवसभर वजनं करते, मिलिग्रॅमपर्यंत, आणि नाक थकलं की स्वतःच्याच बाहीचा वास घेते.

मसाल्याची अडचण अशी की आपल्याकडे तो आधी जेवण असतो. वेलची जरा चढली की बासुंदी झाली. जिरं चढलं की घाम, अगदी काखेतला. दालचिनीच्या सालीचं तेल देखणं, पण त्याची अ‍ॅलर्जी होते, म्हणून नियमांनी त्याला नखभर जागा ठेवलीय. मिरी चमकते आणि बघता बघता निघून जाते. उरली लवंग. तिच्या तेलात बहुतेक सगळं युजेनॉल, म्हणजे लवंगेला तिचा वास देणारं रसायन, आणि ते तासन्‌तास हलत नाही. त्याच्या खाली मी दगडफूल बसवलं. होय, आपल्या गोड्या मसाल्यातलंच. कनौजचे अत्तरवाले ते शमामा नावाच्या मसालेदार अत्तरात घालतात, आणि फ्रेंच परफ्युमर कोटीच्या १९१७ च्या ‘शिप्र’ या परफ्यूमपासून गाजलेलं ओकमॉससुद्धा असंच, झाडाच्या सालीवर वाढणारं लायकेन. दगडफूल, तंबाखू, पाचोली, शेवटी चिमूटभर व्हॅनिलिन. चौदाव्या खेपेला ते जुळलं. त्या रात्री घरी जाताना मी मनगट नाकाशी धरूनच बसले होते.

मग पॅनेल. ऑफिसातले बारा पुरुष, कागदाच्या पट्ट्या, पाच मिनिटं, दहापैकी गुण. सहा तास उलगडत जाणाऱ्या वासाची परीक्षा पाच मिनिटांत, तीही कागदावर. ही पद्धत कुणी काढली त्याला एकदा भेटायचंय. पण दुकानात गिऱ्हाईकही तेवढाच वेळ देतं, असं मार्केटिंगवाले म्हणतात, आणि दुर्दैवाने ते खरं आहे.

स्टोअर्समधले काका पट्टी हुंगून म्हणाले, “मॅडम, दात काढायला आल्यासारखं वाटतंय.” आणखी चार माना हलल्या. काकांनी दोन गुण दिले. मनगटावर मात्र लावून घेतलं. फुकट मिळालेलं काका सोडत नाहीत.

डेंटिस्टच्या सिमेंटमध्ये युजेनॉल असतं, हे मला शिकतानाच सांगितलं होतं. दाढ दुखली की लवंग धरतात, हे तर आजीनेच सांगितलं होतं. मग चौदा नंबरमध्ये मला तो दवाखाना का आला नाही? चार महिने रोज हुंगून माझं नाक लवंगेपुरतं बहिरं झालं असणार. बाहीचा वास घेऊन ते बरं होत नाही. हे कुणी माझ्या लक्षात आणून द्यायला हवं होतं. आमच्या इव्हॅल्युएटर बाईंना, म्हणजे आमचे वास तपासून मत देणाऱ्या बाईंना, तो दवाखाना आला असेल, पण त्या वाईट बातमी कधी देत नाहीत.

साडेपाचला काका बॅग अडकवून लॅबच्या दारात उभे. मनगट पुढे. “आता बघा.” मी हुंगलं. दवाखाना गेला होता. कोरडं, मातकट, आतून किंचित गोड. “मसाला कुटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी उखळाला असा वास यायचा आमच्याकडे. गुण बदलता येतील का?”

फॉर्म दुपारीच वर गेले होते. एकदा दिलेले गुण बदलत नाहीत. निवडला गेला नऊ नंबर : ग्रेपफ्रूट, मिरी, आणि खाली तेच स्वच्छ अंबर जे सध्या प्रत्येक लिफ्टमध्ये भेटतं. तोही माझाच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू?

चौदा नंबरमध्ये लवंग निम्मी करून पाहिली. दात गेले, पण संध्याकाळी उखळही येईना.

मूळची बाटली फडताळात व्हॅनिलिनमुळे तपकिरी पडत चाललीय. काकांनी ती मागितलीय, मुलाच्या लग्नात लावायला. नमुना बाहेर द्यायचा नाही, असा नियम आहे. मी तीस मिली वेगळं काढून ठेवलंय.