गिरणी बंद, वीज कमी

सोलरच्या तक्रारीचा फोन येतो तेव्हा समोरचा माणूस बहुतेक वेळा निदान करूनच बसलेला असतो. "पॅनल खराब निघालेत." बार्शीच्या गुरुजींचंही तेच म्हणणं होतं. पण त्यांच्याकडे वही होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेला माणूस. सोलर चालू झाल्या दिवसापासून रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) आकडा वहीत उतरवलेला. तारीख, युनिट, हवामान आणि शेवटी शेरा. शेऱ्यात 'धुतले', 'धुतले नाहीत', 'पाहुणे होते', असं काहीबाही. माझ्या धंद्यात अशी वही हाती लागणं म्हणजे सणच.

प्लांट साधा होता. पीएम सूर्यघर योजनेतला, ५४० वॉटचे सहा पॅनल, ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर, ७८ हजारांचं अनुदान खात्यात जमा झालेलं. २०२४ च्या दिवाळीनंतर चालू झाला. डिसेंबरात रोज बारा-साडेबारा युनिट. आपल्याकडे एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, त्या हिशेबात चोख. फेब्रुवारीत ऊन चढलं, तशी वीज वाढायला हवी होती. वहीत आकडा आठावर उतरलेला. मधूनच पाच.

ज्यांनी बसवलं त्यांच्याकडून एक मुलगा येऊन गेला होता. खालूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "धूळ आहे, धुवा." झालं. गुरुजी रोज दुपारी बादल्या घेऊन गच्चीवर. तेही बोअरचं पाणी. काचांवर क्षारांचे पांढरे ओघळ उठलेले होते, ते मात्र मी त्यांना पहिल्यांदा दाखवले. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकायचीही भीती असते. धुवायचं तर सकाळी लवकर, आणि असं पाणी असेल तर नंतर पुसून घ्यायचं. "पण त्यानं सांगितलं ना धुवा म्हणून!" गुरुजी म्हणाले. त्यानं कधी धुवा ते सांगितलं नव्हतं.

सोलापूरहून वैरागमार्गे मी दहाच्या आत पोचलो, कारण हा आजार दुपारचा असणार असा अंदाज होता. तरी आधी पॅनलच तपासले. गिऱ्हाइकाच्या मनात तोच संशय असेल तर तो आधी मिटवावा, नाहीतर पुढचं काही ऐकून घेतलं जात नाही. इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर म्हणजे पॅनलकडचा स्विच बंद, मग स्ट्रिंगचं, म्हणजे पॅनलच्या माळेचं, व्होल्टेज. सहा पॅनल सिरीजमध्ये, तापलेले, २७० व्होल्टच्या आसपास हवं होतं. २७१ आलं. एखाद्या पॅनलचा बायपास डायोड (पॅनलच्या सावलीतल्या भागाला वळसा देणारा सुटा भाग) शॉर्ट झाला असता तर पंधरा-सोळा व्होल्ट तिथेच गळाले असते. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी आठपर्यंत एका कोपऱ्यावर पडत होती, ती काही रोजची पाच युनिट खाणारी नव्हती. पॅनल ठणठणीत होते. गुरुजींचा चेहरा थोडा पडला. पॅनल बदलून मागायचे, अशी त्यांची तयारी झालेली असावी.

मग चहा आणि वही.

वही चाळताना मी दोनदा मागे गेलो. १३ फेब्रुवारी, शेरा 'ढगाळ', युनिट १०.९. १४ फेब्रुवारी, 'स्वच्छ', युनिट ७.८. पुढे आणखी एक ढगाळ दिवस, पुन्हा दहाच्या वर. म्हणजे ढग आले की वीज जास्त आणि कडक उन्हात कमी. धुळीचा, सावलीचा किंवा खराब पॅनलचा प्लांट असं कधीच वागणार नाही. उन्हात कमी बनवणारा प्लांट म्हणजे ऐन भरात कुणीतरी त्याचा गळा धरतंय.

आणि ते पाचाचे आकडे. १०, १७ आणि २४ फेब्रुवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं, तिन्ही सोमवार.

"सोमवारी काय असतं इथं?" मी विचारलं. गुरुजींना काही सुचेना. आतून काकू म्हणाल्या, "सोमवारी गिरणी बंद असते. एवढा एकच दिवस दुपारी डोळा लागतो, तर हे दर पंधरा मिनिटांनी जिना चढतात इन्व्हर्टर बघायला."

पिठाची गिरणी गल्लीच्या तोंडाशी. ज्वारीची काढणी चालू, त्यामुळे इतर दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोटर घुमतेय. गुरुजींचं घर त्याच लाइनवर, शेवटच्या पोलावर. आता चित्र जुळायला लागलं.

घरचा सोलर जी वीज वापरली जात नाही ती लाइनवर ढकलतो. ढकलायची म्हणजे इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवावं लागतं. दुपारी माणसं कामावर, हिवाळा सरताना कूलर-एसी बंद, गल्लीत वापर नाही, आणि वरून सोलर ओततोय. मग लाइनचं व्होल्टेजच वर चढतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०१३ चा नियम असा की व्होल्टेज ११० टक्क्यांवर गेलं की इन्व्हर्टरनं २ सेकंदांत बाजूला व्हायचं. आपल्याकडे २३० धरलं तर २५३. त्यावर गेलं की इन्व्हर्टर सुटतो, थोडा वेळ वाट बघतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा सुटतो. माणूस वर जाऊन बघेपर्यंत हिरवा दिवा लागलेलाच असतो. ढगाळ दिवशी प्लांट कमी ताकदीनं चालतो पण दिवसभर चालतो. गिरणी चालू असली की तिची मोटर दोन-तीन व्होल्ट खाली ओढून धरते, आणि गुरुजींचा प्लांट तगतो.

इन्व्हर्टरचं बटण दाबत जुन्या नोंदी काढल्या. 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', पानंच्या पानं. मोबाइलच्या ॲपमध्ये हे गुरुजींना दिसत नव्हतं, कारण त्यांना फक्त युनिट दिसतील असं लॉगिन दिलेलं होतं. हे मला कधीच पटलेलं नाही. प्लांट मालकाचा, बिघाडाची नोंद मात्र मालकाला दिसणार नाही.

इथे बरेच जण थांबतात. "लाइनचा प्रॉब्लेम आहे, अर्ज द्या" म्हणतात आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातात. पण गुरुजींनी मघाशी एक गोष्ट सांगितली होती, ती मला टोचत होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गल्लीतल्या आणखी तिघांनी सोलर बसवला, आणि त्या तिघांचे प्लांट झकास चालत होते. लाइन सगळ्यांची एकच. मग मार एकट्या गुरुजींनाच का?

मदतनीस पोराला मल्टिमीटर देऊन खाली मीटरपाशी बसवलं. मी वर एसीडीबीपाशी, म्हणजे इन्व्हर्टरमधून एसी वीज बाहेर पडते त्या डबीपाशी. फोन चालू ठेवला. साडेअकराला प्लांट अडीच किलोवॉटवर होता, टाँग टेस्टरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) १० अँपिअर.

"खाली किती?"

"दोनशे सेहेचाळीस."

माझ्याकडे २५४. बोलेपर्यंत इन्व्हर्टरनं टक् करून रिले, म्हणजे लाइनशी जोडणारा आतला स्विच, सोडला.

"आता?"

"दोनशे चव्वेचाळीस."

माझ्याकडेही २४४.

करंट नाही तेव्हा दोन्हीकडे सारखं, करंट वाहू लागला की वर ८ व्होल्ट जास्त. म्हणजे हे ८ व्होल्ट लाइनवर नव्हते, घरातच होते, गच्ची आणि मीटर यांच्या मधल्या वायरीत. वायर ४ स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची, अंतर बावीसेक मीटर. जाऊन-येऊन तिचा रोध ०.२ ओम, म्हणजे १० अँपिअरला २ व्होल्ट जायला हरकत नाही. वरचे ६ कुठे गेले?

बंद प्लांटवर हे कधीच सापडत नाही. म्हणूनच मी कडक ऊन असतानाच मीटर लावायचा आग्रह धरतो.

इन्व्हर्टर पुन्हा जोडला गेला तसा मी जिन्यातून केसिंग पट्टीवर हाताचा पालथा पंजा फिरवत उतरलो. पहिल्या मजल्यावर, माळ्याच्या मागे, एका ठिकाणी पट्टी कोमट लागली. नाक जवळ नेलं तर जळक्या प्लॅस्टिकचा वास. प्लांट बंद केला, मीटरकडचा एमसीबी पाडला, वायरीत वीज नाही याची टेस्टरनं खात्री केली आणि पट्टी उघडली. आत वायर जोडलेली. बसवताना वायर कमी पडली असणार. नवी सलग वायर ओढायच्या ऐवजी तुकडा जोडून दिला होता, तोही दिव्याच्या पॉइंटला वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या कनेक्टर पट्टीत. फेजचा स्क्रू बरा होता. न्यूट्रलचा ढिला, पट्टीचा तेवढा भाग वितळून तपकिरी झालेला, तांब्याची टोकं काळी पडलेली. ६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे ६० वॉट. जुना ६० चा पिवळा बल्ब बंद डबीत दिवसभर जळावा, एवढी उष्णता त्या नखाएवढ्या जागेत. शेजारी माळ्यावर गुरुजींचे शाळेचे जुने कागद रचलेले.

गुरुजी ते बघून गप्प बसले. काकू नाही बसल्या. ज्यांनी बसवलं त्यांचा त्यांनी बार्शीच्या भाषेत जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही.

घरातल्या दिव्या-पंख्यांवर याचा काही परिणाम दिसत नव्हता, कारण हा जोड फक्त सोलरच्या वायरीत होता. आणि शेजारच्यांचे प्लांट झकास का, तेही यातच होतं. लाइन २४६ वर गेली की गुरुजींच्या इन्व्हर्टरला २५४ दिसायचे, तो सगळ्यांत आधी सुटायचा. तो सुटला की लाइन दोन व्होल्ट खाली यायची आणि बाकीचे निवांत चालायचे. गल्लीचा भार एकटे गुरुजी वाहत होते.

गुरुजींच्या पुतण्याचा फोन आला तेवढ्यात, पुण्याहून. त्यानं व्हिडिओ बघितला होता. सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टेजची मर्यादा २७० केली की इन्व्हर्टर सुटत नाही, काका, तेवढं करून घ्या. हे होतं, आणि करणारेही पुष्कळ आहेत. पासवर्ड टाकायचा, देशाचा कोड बदलायचा, दोन मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. मी ते करत नाही. २३० ची उपकरणं २६५ वर चालवायची तर फ्रीज आणि टीव्ही कधीतरी हिशेब मागतात, आणि तो गल्लीतल्या सगळ्यांकडे मागतात. इथे तर याहून वाईट झालं असतं. इन्व्हर्टर सुटायचा थांबला असता आणि तो जोड दिवसभर विनाखंड तापत राहिला असता. मी वितळलेल्या पट्टीचा फोटो पुतण्याला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

बाजारातून ६ स्क्वेअरची वायर आणली, गच्चीपासून मीटरपर्यंत एकसंध ओढली, दोन्ही टोकांना लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप करून म्हणजे दाबून बसवले. एक साइज मोठी घेतली, कारण शेवटच्या पोलावरच्या घराला एकेक व्होल्ट मोलाचा. दुपारी दोनला पुन्हा मोजलं तेव्हा खाली २४६, वर सव्वा व्होल्ट जास्त. इन्व्हर्टर ऊन कलेपर्यंत एकदाही सुटला नाही.

पण सोमवार बाकी होता. गुरुजींना मीटरपाशी व्होल्टेज कसं वाचायचं ते दाखवून आलो. सोमवारी दुपारी त्यांचा फोन, "एक वाजता दोनशे बावन्न. एकदा सुटला, परत लागला." आता हे खरोखर लाइनचं होतं. गल्लीतले चारही सोलर सिंगल फेजचे, आणि पोलावर बघितलं तर चौघेही एकाच फेजवर लटकलेले. डीपीचे, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचे, बाकीचे दोन फेज मोकळे. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, जोडणी जशी येईल तशी होत जाते.

अर्ज गुरुजींनी स्वतः लिहिला. सुवाच्य, समास सोडून, सोबत आठवडाभराच्या नोंदींचा तक्ता. कुठल्या तारखेला, किती वाजता, किती व्होल्ट. मी आजवर दिलेल्या 'व्होल्टेज जास्त आहे, कृपया बघावे' छापाच्या अर्जांपेक्षा त्या तक्त्याची दखल कितीतरी लवकर घेतली गेली. वायरमन आला, चारांतली दोन घरं दुसऱ्या फेजवर घेतली. पुढच्या सोमवारी वहीत १३.४. शेरा, 'गिरणी बंद'.

गिरणीवाल्याच्या कानावर ही हकिकत गेलीच. "म्हणजे इतके दिवस गुरुजींची वीज मीच चालवत होतो की! दळण फुकट समजू नका यापुढे." मग मला बाजूला घेऊन विचारलं, गिरणीवर दहा किलोवॉटचा सोलर बसवला तर अनुदान किती मिळेल? म्हटलं, सूर्यघरचं अनुदान फक्त घरगुती कनेक्शनला, गिरणीच्या मीटरला नाही.

"मग घराच्या मीटरवर घेऊन वायर गिरणीत सोडली तर?"

म्हटलं, गुरुजींच्या माळ्यामागचा फोटो दाखवू का? पाडव्यानंतर बघू म्हणाला.