जनावर निघंल!

परभणीत आमच्या घरापुढं चार बाजा मावतील एवढी मोकळी जागा आहे. तिला लॉन म्हणायला जीभ रेटत नाही. तिकडं इंग्लंडात २०१९ पासून प्लँटलाइफ ही संस्था लोकांना सांगते, मे महिनाभर गवत कापू नका, रानफुलं येऊ द्या, मधमाश्यांची सोय होईल. वाचून हसूच आलं. मे महिन्यात आमच्या अंगणात नुसत्या भेगा असतात, कापायचं काय?

आमचा मे श्रावणात येतो. दोन पाऊस झाले की एकदांडी वर येते. वीतभर दांडा, टोकाला पिवळा गोंडा, कडेच्या पांढऱ्या पाकळ्यांना तीन-तीन दात. शाळेत असताना गुडघा फुटला की हिचाच पाला चोळायचो. सकाळी चहा घेऊन पायरीवर बसलं की फुलोरी मधमाशी येते, पेटीत पाळतात त्या सातेरी माशीहूनही बारकी. गोंड्यावर बसून गोल-गोल फिरते, दांडा जरासा डुलतो, की गेली शेजारच्या फुलावर.

आमचे साडू जालन्याकडं कांद्याचं बी करतात. कांद्याच्या फुलातला पराग आधी झडून जातो, बी धरणारा भाग मागाहून तयार होतो. त्यामुळं एका फुलाचं दुसऱ्याला नेऊन द्यायला माशीच लागते. ती फिरली नाही तर कांद्याच्या फुलाचा गोंडा पोकळ. साडूंना हे माझ्याहून चांगलं कळतं. तरी बांधावर तणनाशक मारतातच. बांध कसा चकाचक दिसला पाहिजे!

आमच्याकडं तणनाशकाची गरज नाही, आई आहे. पोळा झाला की तिच्या हातात खुरपं. "गवत बघ केवढं माजलंय. जनावर निघंल!" जनावर म्हणजे साप. या भीतीपुढं फुलोरी माशीची बाजू कशी मांडायची? गेल्या वर्षी तिनं सगळं साफ केलं, आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी आघाडा शोधत बसली. शेवटी बाजारातून वीस रुपयांची जुडी आणली. आठवड्यापूर्वी तोच आघाडा तिनं उकिरड्यावर टाकला होता.

यंदा तह झाला. पायवाट मोकळी, गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं (त्याची बाजू मीही घेत नाही), आणि कंपाउंडच्या कडेची पट्टी माझी. आघाडा कमरेएवढा झाला, एकदांडी दाटली. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी आई ऐटीत टोपली घेऊन तिकडं गेली आणि रिकामीच परत आली.

"लई माशा हैत तिथं. हे वीस रुपये घे, बाजारातून आण."