टोपीतले कागद

परवा दुपारी मागच्या वर्षीची घरपट्टीची पावती शोधत बसले होते. नीट ठेवलीये एवढं पक्कं आठवत होतं, कुठे ठेवली तेवढंच आठवत नव्हतं. साडीच्या दुकानातली एक जाड पिशवी आहे आमच्याकडे, 'नीट ठेवलेलं' सगळं तिच्यात जातं. मिक्सरचं वॉरंटी कार्ड (मिक्सर भंगारात जाऊन चार वर्षं झाली), गॅसचं जुनं पुस्तक, कुणाच्यातरी मुंजीची पत्रिका, असं. नवऱ्याच्या फाइलींना रंगीत लेबलं असतात. तो दारातून बघत म्हणाला, तू वकील असतीस तर अशील उपाशी मेले असते.

मी म्हटलं, लिंकनच्या अशिलांचं काय बिघडलं?

अमेरिकेचा अध्यक्ष व्हायच्या आधीचा अब्राहम लिंकन, वकील. त्याचं इलिनॉय राज्य म्हणजे तेव्हा वस्तीच्या कडेचा मुलूख. आयुष्यात सगळी मिळून वर्षभरही शाळा न बघितलेला हा माणूस, पुस्तकं उसनी आणून कायदा शिकला, १८३६ला सनद मिळवली आणि पुढच्या वर्षी उसन्याच घोड्यावर बसून स्प्रिंगफील्डला आला. दुकानात जाऊन गादी-उशीचे किती विचारलं, तर १७ डॉलर, तेवढे कुठले असायला. दुकानदार स्पीडला दया आली, म्हणाला वर माझा मोठा पलंग आहे, चल. हा खोगिराच्या दोन पिशव्या घेऊन वर गेला, ठेवून खाली आला आणि म्हणाला, झालं, आलो राहायला! मला हे इतकं आवडतं ना. आमच्या शिफ्टिंगला टेम्पोच्या तीन खेपा झाल्या होत्या.

मग वर्षातून दोनदा, काही आठवडे गावोगाव कोर्टामागे फिरायचं. आठवं सर्किट म्हणायचे त्याला, एकेकाळी १४ काउंट्या (आपले जिल्हेच म्हणा) होत्या त्यात. जज्ज आणि वकिलांचा तांडाच्या तांडा चिखल तुडवत निघायचा, आणि दिवसभर एकमेकांवर तुटून पडलेले वकील रात्री खाणावळीत एकाच पलंगावर दोघं दोघं झोपायचे. जज्ज डेव्हिस तेवढे एकटे, कारण वजन ३०० पौंडांच्या आसपास.

आणि लिंकनचं ऑफिस डोक्यावर. ती उंच काळी हॅट, तिच्यात पत्रं, बँकेचं पुस्तक, टिपणं. १८५०मध्ये त्याने एका वकिलाला चक्क लिहिलंय की तुमचं पत्र आलं ते मी हॅटमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी नवी हॅट घेतली, जुनी बाजूला पडली, म्हणून उत्तर राहिलं. स्प्रिंगफील्डच्या ऑफिसात कागदांचा एक गठ्ठा होता, वर स्वतःच्या हाताने लिहिलेलं, दुसरीकडे कुठेच सापडलं नाही तर यात बघा. एका शिकाऊ पोराने एकदा झाडलोट काढली तर कोपऱ्यातल्या धुळीत कोंब फुटलेले, शेतकऱ्यांना वाटायला आलेलं सरकारी बी सांडलं होतं म्हणे. हिशेबाची वही नाही, फी आली की निम्मे पैसे कागदात गुंडाळून त्यावर 'हर्नडनचा निम्मा' लिहायचं की झालं. हर्नडन म्हणजे त्याचा भागीदार, ही सगळी गाऱ्हाणी त्यानेच सांगून ठेवलीत.

हॅटचं वाचलं तेव्हा मला नवल वाटलंच नाही, कारण आमचे नाना. बांधाची केस होती, किती वर्षं चालली देव जाणे. मी आठेक वर्षांची असेन, सुट्टीत मला घेऊन एसटीने तालुक्याला निघायचे. कंडक्टरने तिकीट दिलं की नाना टोपी काढायचे, आतली घडी बोटाने उलगडायचे आणि तिकीट आत. तिथे आधीच एक दहाची नोट असायची, आणि वकिलाच्या कारकुनाने तारीख लिहून दिलेली चिठ्ठी. घामाने आणि खोबरेल तेलाने ती इतकी मऊ झालेली असायची की कागद आहे की कापड कळायचं नाही. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली वकीलसाहेबांचं टेबल. नाना टोपी काढून चिठ्ठी पुढे करायचे, कारकून ती दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. मला आपलं वाटायचं, टोपी काढतात म्हणजे मान देतात. मान वगैरे काही नाही, कागद काढायचा असायचा!

वकीलसाहेब म्हणायचे, बघू नाना, पुढची तारीख घेऊ. मग नवी चिठ्ठी, परत घडीत, आणि स्टँडवर मला भजी. घरी आल्यावर आजी विचारायची काय झालं, नाना म्हणायचे, झालं.

पावती नाहीच सापडली, ऑनलाइन मिळते म्हणतात, बघू. नवऱ्याने एक नवीन फाइल आणून दिलीये, निळी, मी ती उचलून पिशवीत ठेवली.

नाना गेले ते भर पावसात. घरात माणसं, गडबड, त्यांचं धोतर-टोपी आईने दुसऱ्याच दिवशी भिजत घातलं. टोपीच्या घडीत बघायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.